१ एप्रिल ते ३१ मार्च

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था डोंबिवलीत आहे, ४२ सदनिकांची, आणि गेली चार वर्षे मी तिचा खजिनदार आहे. हे पद कोणी मागून घेत नाही. सर्वसाधारण सभेत सगळे एकदम ज्याच्याकडे पाहतात त्याच्या गळ्यात ते पडते. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे स्टोअर्स विभागात काढली, तेव्हा याला आकड्यांची सवय असणार असा लोकांचा समज झाला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. वर्षभर पावत्या करणे आणि टॅलीत, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या वहीत, नोंदी घालणे हे काम आठवड्यातून दोनदा येणारा हिशेबनीस करतो. माझे खरे काम एप्रिलमध्ये सुरू होते, कारण तेव्हा बँकेच्या संकेतस्थळावरून सरलेल्या संपूर्ण वर्षाचा खातेउतारा उतरवून घ्यावा लागतो आणि त्यातली प्रत्येक ओळ आमच्या वहीतल्या कुठल्या ना कुठल्या ओळीशी जुळते हे दाखवावे लागते.

लोक या कागदाला स्टेटमेंट म्हणतात, पण खातेउतारा हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. उतारा म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलेला तुकडा. सातबाराचा उतारा तलाठ्याच्या दप्तरातून घेतात, पण दप्तर त्याच्याकडेच राहते. तसेच बँकेच्या खतावणीत आमच्या नावाचे जे पान असते त्याची नक्कल आम्हाला मिळते आणि पान बँकेचेच राहते. संगणकावर डाउनलोड करणे हेही उतरवून घेणेच आहे, त्यामुळे जुना शब्द नव्या कामाला ओढाताण न करता बसतो. विषावर उतारा देतात, त्या अर्थाशी मात्र लेखापरीक्षकांचे पत्र आल्यावरच गाठ पडते.

या वर्षी २ एप्रिलच्या संध्याकाळी बसलो. १ एप्रिलला वार्षिक हिशेब बंद करण्यासाठी बँका ग्राहकांना बंद असतात आणि ३१ मार्चच्या काही नोंदी उशिरा बसतात, म्हणून मी एक दिवस मुद्दाम सोडतो. खाते सचिव आणि खजिनदार यांच्या संयुक्त सहीने चालते. मला संकेतस्थळावर केवळ पाहण्याचा अधिकार आहे आणि तोही कार्यकारिणीचा ठराव, दोन पत्रे आणि शाखेच्या तीन फेऱ्या झाल्यावर मिळाला. नोंदणीकृत मोबाइल मात्र सचिवांचा. सचिव एप्रिलमध्ये आंब्यांसाठी कोकणात गावी असतात, तिथे अंगणाच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते, आणि ओटीपीला काही मिनिटांचेच आयुष्य असते. ओटीपी कोणालाही सांगू नका असे बजावणारा संदेश सचिव मला फोनवरून, ओटीपीसकट, मोठ्याने वाचून दाखवतात. यात नियमभंग आहे हे आम्हा दोघांनाही समजते, आणि नोंदणीचा मोबाइल बदलण्याचा अर्ज दर वर्षी जूनमध्ये करायचे ठरते.

आमच्या बँकेच्या संकेतस्थळावर एका वेळी सहा महिन्यांपेक्षा मोठा कालखंड निवडता येत नाही, त्यामुळे वर्ष दोन तुकड्यांत उतरते. पहिल्या वर्षी मी पहिला तुकडा ३० सप्टेंबरपर्यंत घेतला आणि दुसराही ३० सप्टेंबरपासूनच सुरू केला. त्या दिवसाच्या सात नोंदी दोनदा आल्या आणि संस्था कागदावर एका रात्रीत श्रीमंत झाली. ही चूक सापडली ती स्टोअर्समधल्या सवयीमुळे. आमच्याकडे प्रत्येक फळीवर एक बिन कार्ड टांगलेले असे, त्यावर आरंभीची शिल्लक, आवक, जावक आणि अखेरची शिल्लक. हे चार आकडे जुळेपर्यंत दुसऱ्या कशाकडेही पाहायचे नाही, असा आमच्या साहेबांचा दंडक होता. बँकेच्या उताऱ्यालाही मी आधी हीच परीक्षा लावतो. आरंभीच्या शिल्लकेत सर्व जमा मिळवून सर्व खर्च वजा केल्यावर अखेरची शिल्लक पैशापैशाने आली, तरच पुढे जायचे.

उतारा तीन रूपांत मिळतो: पीडीएफ, एक्सेल आणि सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. लेखापरीक्षकांना पीडीएफ हवा असतो, कारण एक्सेलमधला आकडा कोणीही बदलू शकतो; मला एक्सेल हवे असते, नेमक्या त्याच कारणासाठी, म्हणजे त्यात रकाने हलवता येतात. सीएसव्हीच्या वाटेला मी एकदाच गेलो. माझ्या संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, त्यामुळे ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल ही निमूटपणे ४ मे झाली, आणि १३ पासून पुढच्या तारखा, तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे, जशाच्या तशा राहिल्या. निम्मी फाइल एका दिनदर्शिकेत आणि निम्मी दुसऱ्या. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक ४.२८ई+११ असा आखडून बसला. खाते क्रमांकाची गत याहून वाईट झाली, कारण एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक लक्षात ठेवते आणि पुढच्या जागी शून्ये भरते. क्रमांकाला संख्या समजण्याची ही चूक आमच्या स्टोअर्समधला नवा मुलगाही करत नसे. शेजारच्या मुलीने मला ते रकाने आधी मजकूर म्हणून ठरवून मग फाइल आत घ्यायला शिकवले, आणि मोबदल्यात तिच्या महाविद्यालयाच्या अर्जावर माझ्याकडून सत्यप्रतीचा शिक्का मागितला. तो अधिकार मला नाही, हे तिला खरे वाटले नाही.

उतारा बँकेच्या वहीचा आहे हे विसरल्यामुळे मात्र माझी खरी फजिती झाली होती. सदस्याने मेंटेनन्स भरला की टॅलीत तो बँकेच्या खात्याला नावे, म्हणजे डेबिट, पडतो, आणि बँकेच्या उताऱ्यात तीच रक्कम जमा, म्हणजे क्रेडिट, म्हणून येते. दोन दिवस मी हिशेबनीसाला उलट्या नोंदी केल्याबद्दल बोललो, आणि त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे लक्षात आले की हे तर मी तीस वर्षे रोज पाहत होतो: पुरवठादाराच्या चलनावर जी जावक असते तीच आमच्या कार्डावर आवक असते. आमचे पैसे बँकेकडे आहेत म्हणजे बँक आमचे देणे लागते, म्हणून ती ते आमच्या नावाने जमा दाखवते; आमच्या वहीतून पाहिले तर बँक आमची ऋणको आहे, म्हणून तिच्या नावे. त्यानंतर उतारा उघडला की मी खुर्चीची बाजू मनातल्या मनात बदलतो. बँकेच्या या बाजूला कायद्यानेही मोठे वजन दिले आहे. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टप्रमाणे बँकेने प्रमाणित केलेली नोंदीची नक्कल न्यायालयात पुरावा म्हणून चालते, मूळ खतावण्या उचलून न्याव्या लागत नाहीत, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरून छापलेल्या नकलाही त्यात आणल्या. आमच्या लेखापरीक्षकांना शिक्क्याची आवड का आहे, हे त्या वेळी उमगले.

आरंभ आणि अखेर जुळली की तपशिलाचा रकाना उरतो, आणि खजिनदाराचा एप्रिल जातो तो या रकान्यात. या वर्षी उताऱ्यात ५७८ ओळी होत्या, त्यांतल्या ४२६ जमेच्या. प्रत्येक ओळीने रक्कम आणि तारीख निर्विवाद सांगितली. पैसे कोणत्या सदनिकेचे आणि कशासाठी, हे मात्र तिला विचारून काढावे लागते. धनादेश असेल तर सहा अंकी क्रमांक येतो आणि पावतीपुस्तकाशी तो लगेच जुळतो. एनईएफटी असेल तर पाठवणाऱ्याचे नाव येते, पण कापलेले, बहुधा आडनावाच्या मध्यावर. सोबत यूटीआर हा व्यवहाराचा क्रमांक आणि पाठवणाऱ्या शाखेचा ११ अक्षरी संकेतांक आयएफएससी, ज्याची पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य आणि शेवटची सहा शाखेची. यूपीआयच्या ओळीत बारा अंकी क्रमांक, नाव, आणि पाठवणाऱ्याने लिहिली असेल तर टीप. त्या बारा अंकांकडे बरेच दिवस पाहून मला एक गंमत सापडली. माझ्या उताऱ्यात पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक निघाला आणि पुढचे तीन अंक म्हणजे वर्षातला कितवा दिवस: ५ ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी ४२७९ ने सुरू होतात, कारण त्या लीप वर्षातला तो २७९ वा दिवस. सीएसव्हीने तारखा उलटवल्या तेव्हा खरी तारीख मी याच अंकांवरून परत मिळवली होती.

टिपेत लोक काय लिहितात याचा मला आता बराच अनुभव आहे. एक सदस्य ‘एम’ एवढेच लिहितात. एक बाई दर वेळी ‘ओके’ लिहितात. कोणी हात जोडलेले चित्र टाकतो, त्याची बँकेच्या फाइलमध्ये चार प्रश्नचिन्हे होतात आणि सदस्याने मेंटेनन्स भरताना इतका गहन प्रश्न का विचारावा असे क्षणभर वाटते. सदनिकेचा क्रमांक लिहा अशी सूचना फलकावर तीन वर्षे लागलेली आहे. ती पाळणारे सोळा जण आहेत, आणि तेच सोळा जण माझ्या एरवीही ओळखीचे आहेत.

ज्या ओळीचा धनी सापडत नाही ती उचंत खात्यात जाते. उचंत हा आपल्या जुन्या हिशेबातला शब्द. पैसे तर आले, पण कोणाच्या पदरात घालायचे ते ठरलेले नाही, तोवर ते अधांतरी ठेवण्याची ती जागा. दिसायला ती सोय निरुपद्रवी आहे. पण एखाद्याचा ऑगस्टचा मेंटेनन्स उचंतमध्ये पडून राहिला, तर त्याच्या नावावर थकबाकी दिसते, थकबाकीवर व्याज लागते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे, ते वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मग तो सदस्य मोबाइलवरची हिरवी बरोबरची खूण दाखवत माझ्या दारात उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे खरे असते. म्हणून ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा या मुदतींपेक्षा मला उचंतची अधिक धास्ती असते. या वर्षी ५८ ओळींनी सुरुवात झाली आणि तीन संध्याकाळी बसून त्या नऊवर आल्या.

या ५८ ओळींची नावे शोधताना माणसाला शेजाऱ्यांबद्दल नको तितके कळते. एका सदनिकेचे पैसे गेली दहा वर्षे नवऱ्याच्या खात्यातून येत होते, ते नोव्हेंबरपासून बायकोच्या खात्यातून, आणि तेही माहेरच्या आडनावाच्या, येऊ लागले. एका ठिकाणी भाडेकरूच परस्पर भरतो, आणि त्या घरमालकांनी घर भाड्याने दिल्याचे संस्थेला कधी कळवलेलेच नाही. त्यांना बिनभोगवटा शुल्क, म्हणजे स्वतः न राहता घर भाड्याने दिल्याचे शुल्क, लावावे लागेल. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर जात नाही, तरी त्यावरून भांडण होणारच. एका मुलाचे पैसे महिन्याच्या दोन तारखेला येत, ते अठरा, मग पंचवीस, मग दोन हप्त्यांत येऊ लागले, आणि तो मुलगा अजूनही सकाळी आठ सतराच्या लोकलसाठी त्याच घाईने जिना उतरतो. घरमालकांची गोष्ट संस्थेच्या कामाची आहे, ती मी कार्यकारिणीसमोर ठेवली. बाकीच्या दोन ओळी जुळवल्या आणि पुढे गेलो. त्यांच्याबद्दल इथे लिहितानाही मी महिने आणि तारखा बदलल्या आहेत.

मागच्या सभेत एका उत्साही सदस्याने मागणी केली की पारदर्शकतेसाठी बँकेचा संपूर्ण उतारा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. टाळ्याही पडल्या. मी विरोध केला, तेव्हा खजिनदार काहीतरी लपवतो आहे असा एक सूर उमटला, आणि तो शब्दशः खराच होता. त्या उताऱ्यात लोकांचे मोबाइल क्रमांक आहेत, कारण अनेकांचा यूपीआय पत्ता म्हणजे त्यांचा मोबाइलच. बँका आहेत, शाखा आहेत, कोणाचे कोण भरते ते आहे. माझ्या बाजूने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ३२ धावून आले. सदस्याला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते, सदस्यांची नोंदवही पाहता येते, आणि हिशेबाच्या वह्यांपैकी ज्या भागात त्याचे स्वतःचे संस्थेशी झालेले व्यवहार नोंदले आहेत तो भाग. १९६० साली हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या समोर लाल कापडात बांधलेल्या चोपड्या असणार, पण ते आमच्या एक्सेलला तंतोतंत लागू पडले. आता मी रकान्याला चाळण लावून प्रत्येक सदनिकेच्या ओळी वेगळ्या काढतो आणि ज्याच्या त्याला, मागितल्यास, एका कागदावर छापून देतो. मागणारे पाच-सहाच असतात.

चौथ्या मजल्यावरचे नाना त्यांतले एक नव्हेत, तरी या वर्षी त्यांचा कागद मी स्वतःहून काढला. नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. पासबुकावर ज्यांची हयात गेली अशा पिढीतले. बचत खात्यावर दर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर व्याज मिळे, तो नियम १ एप्रिल २०१० ला जाऊन रोजच्या शिल्लकेवर व्याज लागू झाले, तरी ते अजून १० तारखेच्या आत बँकेची कामे उरकतात. यूपीआय त्यांनी नातवाकडून शिकून घेतले, पण त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मेंटेनन्स २,८५० रुपये, नाना दर महिन्याला आधी १ रुपया पाठवत, सचिवांना फोन करून “पोचला का?” असे विचारत, आणि पोचल्याचे कळल्यावर उरलेले २,८४९ पाठवत. सचिव याची नक्कल फार छान करतात. माझ्या उताऱ्यात त्यामुळे नानांच्या दोन-दोन ओळी येत, एक रुपयाची आणि तिच्याखाली मोठी, आणि ४२६ ओळींच्या जंगलात ती जोडी दिसली की पायाखाली ओळखीची वाट लागल्यासारखे वाटे.

जानेवारीत ती जोडी नव्हती. फेब्रुवारीत आणि मार्चमध्येही नव्हती. तिन्ही महिने २,८५० रुपये एकरकमी आले होते, एका स्त्रीच्या नावाने, आणि तिचे कापलेले आडनाव मी आधी उचंतमध्ये टाकले होते. शाखा नाशिकची निघाली, तेव्हा नानांची मुलगी तिथे असते हे आठवले. सचिवांना फोन केला. नानांचा फोन येईनासा झाल्याचे त्यांच्याही लक्षात आले नव्हते. दर महिन्याला येणारा फोन आला की आठवतो, न आलेला कसा आठवणार. मी नानांच्या दोन मजले खाली राहतो, आणि जानेवारीत काय झाले ते मला एप्रिलमध्ये बँकेकडून कळले.

त्यांच्या सदनिकेच्या बावीस ओळी छापून संध्याकाळी वर गेलो. दार उघडायला बराच वेळ लागला. काचबिंदूने डिसेंबरात उरलीसुरली नजरही खूप कमी झाली होती. मोबाइलवरचे आकडे दिसत नाहीत, म्हणून मुलगी तिकडून पैसे भरते, स्वयंपाकाला बाई येते, बाकी सारे ठीक आहे, असे त्यांनी मला खुर्ची दाखवता दाखवता सांगितले.

“तिचे पोचतात ना?”

“पोचतात. एकदम सगळे येतात.”

“आधी एक रुपया पाठवून बघ म्हटले, तर हसली.” मग माझ्या हातातल्या कागदाचा आवाज ऐकून म्हणाले, “काय आणले आहे? वाचा.”

मी एप्रिलपासून वाचू लागलो. तारीख, रक्कम, तारीख, रक्कम. ते मान हलवत होते आणि प्रत्येक जोडीनंतर बोटाने खुर्चीच्या हातावर एक टिचकी मारत होते, आमचे साहेब बिन कार्ड तपासताना मारत तशीच. जुलैला त्यांनी हात वर केला.

“त्या महिन्यात रुपया दोनदा गेला होता. सचिव फोन उचलेनात, म्हणून पुन्हा पाठवला.”

कागदावर ९ जुलैला एकाखाली एक अशा दोन ओळी होत्या, प्रत्येकी १ रुपयाच्या, आणि १० जुलैला २,८४९. सचिव त्या आठवड्यात भाताच्या लावणीला गावी होते, हे मी त्यांना सांगितले. नाना थोडा वेळ गप्प राहिले.

“म्हणजे दुसऱ्या दिवशी मी २,८४८ पाठवायला हवे होते.”

“राहू द्या हो नाना, एक रुपया तर आहे.”

“राहू कशाला द्यायचा? जमा दाखवा.”

खाली येऊन पाहिले तर हिशेबनीसाने तो रुपया जुलैतच किरकोळ उत्पन्नात टाकून दिला होता. तिथून काढून तो नानांच्या खात्यावर जमा केला, आणि त्यांचे मे महिन्याचे बिल २,८४९ रुपयांचे काढायला सांगितले.